मुंग्यांनी खाल्लेलं ‘पुरे’

दुपारचा डबा खाऊन सुलक्षणा प्रयोगशाळेतल्या खुर्चीत मान टाकते, आणि डोळा लागतो न लागतो तोच दचकते. समोर बोरकरबाई उभ्या. तिच्या गुरू, दोन वर्षांपूर्वी रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या. जाताना स्वतःचं रक्त तिच्या हवाली करून गेल्या होत्या, ‘औषध शोध’ म्हणून. त्यातल्या पेशींची आता एकच बाटली उरली आहे. आज सकाळी तिला शेवटचं औषध घातलंय. गुण येत नाही, म्हणून ती उद्या ब्लीचमध्ये ओतायची.

“मला मोरीत ओतणार म्हणे,” बाई म्हणतात.

बाई पेशींचं उबदार कपाट उघडतात, तर आत लग्नाची पंगत! पानांना अंत नाही. वाढपी वाढताहेत, पाहुणे खाताहेत आणि खाताखाता एकाचे दोन होताहेत. कोपऱ्यात एक म्हातारा, तोंडात बोळा कोंबलेला.

“ओळखलंस? पेशींना ‘पुरे’ म्हणणारं जनुक. धडधाकट आहे, नुसतं गप्प बसवलंय.”

“माझं औषध बोळाच काढतं, बाई. तरी दुसऱ्या दिवशी बघते, तर त्याचा निरोप, तो आरएनए, औषधालाही सापडत नाही.”

“दुसऱ्या दिवशीच का बघतेस?”

“तुम्हीच शिकवलंत. औषध सकाळी, तपासणी दुसऱ्या सकाळी.”

“अगं, मला पाचची बस गाठायची असायची,” बाई म्हणतात. “तुला कुठली बस?”

बाई म्हाताऱ्याचा बोळा ओढतात. तो “पुरे” म्हणतो, पण शब्दाऐवजी तोंडातून दोऱ्यावरची खडीसाखर पडते. ती वाढप्यांपर्यंत पोचण्याआधीच मुंग्या लागतात. उरतो नुसता दोरा. पंगत तशीच चालू, फक्त आता इस्पितळात. पानं बाईंच्या खाटेवर, उशीवर, चादरीवरच्या हातावर.

“म्हणजे तो रोज बोलत होता?”

“रोज. तू यायचीस मुंग्या पांगल्यावर.”

सुलक्षणा ताडकन उठते. कपाटाचं दार बंदच आहे. ती ते उघडते. बाटलीच्या झाकणावर खडीसाखरेचा खडा, अर्धा विरघळलेला, दोरा नुकता दिसू लागलेला. अजून ओला. त्याच्याकडे एक मुंगी चढते आहे.

तिला फुंकरीने उडवून सुलक्षणा बाटली उचलते, आणि निरोप विरायच्या आत गोठवायला बर्फाकडे धावते.