काढलेला फ्यूज खिशात

मी चौथीतून शाळा सोडली. सोडली म्हणजे, मास्तरांनी छडी उगारली, ती हिसकावून मी गुडघ्यावर मोडली आणि परत त्या दारात गेलो नाही. पण मोटार कशानं जळाली हे मला नुसत्या वासावरून कळतं. कराडला लागून मलकापुरात माझं मोटार बांधायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की आतली काळी तार उपसायची आणि नवी तांब्याची तार मोजून भरायची. कुठल्या मोटारीला किती वेढे, तार किती जाडीची, सगळं माझ्या डोक्यात. माझं अक्षर माझं मलाच लागत नाही, म्हणून मी सांगायचो आणि थोरला मुलगा कॉम्प्युटरात भरायचा. बारा-तेरा वर्षं असं चाललं. माझा उभा जन्म त्या डब्यात होता म्हणा.

एकदा तो म्हणाला, "आबा, ह्याची एक कॉपी पेनड्राइव्हवर काढून ठिवू."

"आन् ती समोरच्या दुकानदाराच्या हातात पडू दे, व्हय?" मी म्हणालो. कॉपी काढू दिली नाही.

आमच्या दुकानात कायदा एकच. फ्यूज काढायचा तो पेटीवर ठेवायचा नाही, स्वतःच्या खिशात ठेवायचा. हा कायदा माझ्या धाकट्या भावाच्या मढ्यावर झाला. आमची विहीर चुलतभावाशी सामाईक, पाण्याची पाळी ठरलेली. भाऊ फ्यूज काढून पेटीवर ठेवून विहिरीत मोटार बघायला उतरला. चुलतभावाची पाळी लागली, त्यानं खाली न बघता फ्यूज घातला. भाऊ पाइपाला चिकटला तो सुटलाच नाही. मी पोचलो तेव्हा चुलतभाऊ पेटीपाशी उभा होता. हातातला पाना मी त्याच्या खांद्यावर घातला, मग कोपरावर, मग तो पडल्यावर पाठीत. माणसांनी मला मागं ओढलं म्हणून तो वाचला. त्याचा तो हात आजही सरळ होत नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

त्यानंतर दुकानात जो कोणी फ्यूज पेटीवर विसरला त्यानं मार खाल्ला. मुलानं तर जास्तच. तारेचा वेढा घेऊन मी त्याच्या पोटऱ्या फोडल्या आहेत. माणूस मरण्यापेक्षा वळ बरे, असं माझं म्हणणं.

दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर म्हातारा झाला. वीज खात्याचे अर्ज त्यात उघडेनात. पण आमची आकड्यांची वही ज्या प्रोग्रॅमात होती तो फक्त जुन्या विंडोजवरच चालायचा. मुलानं युक्ती काढली. जुनी डिस्क आहे तशी ठेवायची, शेजारी दुसरी डिस्क बसवायची आणि तिच्यावर लिनक्स घालायचं. चालू करताना विचारेल, कुठल्या डिस्कवर जायचं. लिनक्स म्हणजे काय ते मला अजून सांगता येत नाही, पण दुसरी डिस्क म्हणजे दुसरी मोटार, एवढं समजलं.

"मग दुसरीचं काम करताना पयलीचा फ्यूज काढायचा," मी म्हणालो. "वायर उपसायची आन् डिस्क खिशात."

"मला शिकवू नका, आबा. बगतो मी."

दुपारी जेवून दुकानात आलो. डब्याचं झाकण उघडं, आत एक डिस्क वायरीला लागलेली. दोन्ही डिस्का दिसायला सारख्याच. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारलेलं आणि मुलाचं बोट बटणावर.

"काय करतोयस रं?"

"पुसतोय सगळं. मग घालतो."

"जुनी काढलीस का?"

"बसा की गप. किती येळा त्येच त्येच!"

आणि त्यानं बटण दाबलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानंच आठवतं. पहिली थप्पड कानाखाली. तो उठला तशी मी मूठ घातली. त्याचं डोकं तार वेढायच्या मशीनच्या दांड्यावर आपटलं आणि भुवई फाटली. चाळीशीचा गडी, त्यानं मला दोन्ही हातांनी ढकललं. मी वार्निशच्या डब्यांवर पडलो. आजवर त्यानं माझ्या अंगाला हात लावला नव्हता. मी उठून त्याचा गळा धरला. "माझा जलम पुसलास!" म्हणून ओरडत होतो. सून दारातून किंचाळली. तो सुटायला बघत होता आणि एक हात छातीवर दाबून धरत होता. मला वाटलं, मारायला उचलतोय. तो हात मी पिरगाळला आणि सदऱ्याला हिसका दिला. खिसा टर्रकन फाटला. आतून काळा चपटा डबा निघाला आणि शहाबादी फरशीवर कोपऱ्यावर आपटला.

जुनी डिस्क.

त्यानं ती आधीच काढली होती. खिशात ठेवली होती.

तो खाली बसला. भुवईचं रक्त फरशीवर ठिबकत होतं, त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. डिस्क उचलून कानाशी लावून त्यानं हलवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. दवाखान्यांच्या गावात डिस्का बऱ्या करणारा पण एक आहे. एसटीत मुलाच्या भुवईला टाके आणि माझ्या खिशात डिस्क, वर माझा हात. कारागिरानं तार जोडली. आतून टक्, टक्, टक् आवाज आला. त्यानं लगेच बंद केली.

"पडली का?"

"व्हय, पडली," मुलगा म्हणाला.

"पडली न्हाई," मी म्हणालो. "मी पाडली."

कारागिरानं आतली तबकडी ओरखडल्याचं सांगितलं. यातून काही निघणार नाही म्हणाला.

आठवडाभर आम्ही समोरासमोर बसून मोटारी बांधल्या, लागेल तो पाना ज्यानं त्यानं उठून घेतला. मग एका सकाळी त्यानं कॉम्प्युटर चालू केला. दुसरी डिस्क, कोरी. कोरं पान उघडून तो थांबला.

"सांगा," म्हणाला.

मी खुर्ची ओढली. "लिव्ह. साडेसात हॉर्सपावरची, छत्तीस खाचांची. येका कॉइलला पंचवीस येढे."

"चूक. तेवीस हुतं."

"मला शिकवतोस?" माझा हात वर गेला.

त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. भुवईवरचे टाके अजून काळे होते. डोकं त्यानं तसूभरही मागं घेतलं नाही.

मी मनात ती मोटार पुन्हा वेढली. खाच, वेढा, खाच. हात खाली घेऊन टेबलावर ठेवला.

"तेवीस लिव्ह," मी म्हणालो. "आन् संध्याकाळी पेनड्राइव्हवर काढ."