थांबायचा आकडा

कॉम्प्युटर कुठलाही असो, अंकल आधी त्याला हाताची मागची बाजू लावायचे, आपण लेकराच्या कपाळाला लावतो तशी, आणि विचारायचे, "ताप किती हाय?" बाकीची तक्रार नंतर. तुमच्याही ओळखीत असा एखादा दुरुस्तीवाला असेल, जो आपल्याच मशीनवरून आपलीच उलटतपासणी घेतो. आमचे अंकल त्यातले होते.

शांती नगरात त्यांचं छोटं दुकान होतं. राहायला उत्तनजवळच्या डोंगरी गावात, तिथून रोज बसने यायचे. तरुणपणी उत्तनच्या मासेमारी बोटींची इंजिनं बघायचे, मग कॉम्प्युटरकडे वळले. शेजारच्या दुकानदाराशी हिंदी, माझ्याशी मराठी आणि न निघणाऱ्या स्क्रूशी आपल्या गावची बोली बोलायचे.

मी जेसल पार्कच्या घरी बसून बिल्डर लोकांना अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं करून देते. गेल्या मे महिन्यात एका बिल्डरने बजावलं, शनिवारी सहापर्यंत मोठं चित्र आलं नाही तर पुढचं सगळं काम दुसरीकडे. शेवटचे बदल तो देणार शनिवारी दुपारी, आणि माझ्या जुन्या मशीनला त्या एका चित्रासाठी साडेचार तास लागणार. नवं मशीन घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून मी ओव्हरक्लॉक करायचं ठरवलं, म्हणजे प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचा. पूर्वी कधी केलं नव्हतं.

"जास्त पळवला की जास्त तापणार," अंकल म्हणाले. "थंड कशाने करशील?"

मी व्हिडिओ बघून तयारीने गेले होते. मला प्रोसेसर थंड ठेवणारा, पाण्यावर चालणारा कूलर हवा होता, निळ्या दिव्यांचा. खोटं कशाला बोलू, दिव्यांचाही मोह होता. अंकलनी तो खोका फळीवरून खाली काढलाच नाही. खिडकी कुठल्या दिशेला, मशीन कपाटात की बाहेर, त्याच्यावर कोणी कापड घालतं का, हे आधी विचारून घेतलं. सासूबाई घालत होत्या. फ्रिजला आणि मिक्सरला होतं तसंच त्यालाही त्यांनी जुन्या साडीचं कव्हर शिवलं होतं.

"कव्हर आधी काढ. आणि पाण्याचा पंप बंद पडला तर तुला कळणार बी न्हाय. पंखा बंद पडला तर कान सांगतो. पहिल्यांदा करतेस ना? मग पंखेवाला घे." असं म्हणून त्यांनी विटेपेक्षा मोठा, पातळ पत्र्यांची चवड असलेला कूलर माझ्यापुढे ठेवला.

त्यांची एक अट असायची. वेग वाढवण्याआधी गिऱ्हाइकाने थांबायचा आकडा, म्हणजे किती तापल्यावर मशीन बंद करायचं तो, स्वतःच्या हाताने लिहायचा. "नंतर माणूस लबाडी करतो," ते म्हणायचे. मी चिकटपट्टीवर ८५ लिहिलं.

शनिवारी ते घरी आले. बोटांनी चाचपत कूलर बसवला, माझी चिकटपट्टी मॉनिटरच्या कडेला लावली आणि वेग वाढवला. दोन वाजता बदल आले आणि मी मशीनला चित्र काढायला लावलं. आता चार तासांच्या आत होईल असं स्क्रीन सांगत होती.

स्क्रीनवर मोठ्या आकड्यांत तापमान दिसत होतं: एकाहत्तर, मग शहात्तर. "खोली गरम हाय," अंकल म्हणाले. मी टेबलफॅन आणून लावला. ऐंशी. सासूबाई कव्हर हातात धरून दारात उभ्या होत्या. चौऱ्याऐंशी झालं तसे अंकल खुर्चीतून उठले. माझा तळहात कधी त्या चिकटपट्टीवर गेला ते मलाच कळलं नाही.

"हात काढ."

"अंकल, नव्वदपर्यंत चालतं. व्हिडिओत सांगतात."

"आकडा कोणी लिवला?"

"मीच, पण..."

आकडा पंच्याऐंशीवर गेला आणि त्यांनी बटण दाबून धरलं. स्क्रीन काळी झाली. पाऊण तासाचं काम गेलं, आणि त्याबरोबर बिल्डरही गेला हे मला तिथेच कळलं.

"भित्रे आहात तुम्ही," मी म्हणाले. "हे तुम्हाला झेपत नाही. बोटीच बघायच्या होत्या." सासूबाई कव्हर घेऊन आत गेल्या. आजही ती वाक्यं आठवली की मला स्वतःची लाज वाटते.

अंकल खाली बसले आणि त्यांनी कूलर परत उघडला. तळावरून अंगठा फिरवला, मग नख लावलं. एक पारदर्शक, पातळ प्लास्टिकचा कागद सोलून निघाला. कारखान्यातून चिकटवून येतो तो, बसवण्याआधी काढून टाकायचा. सगळी उष्णता त्याच्याखाली अडकली होती.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. त्यांनी सगळं पुसून नव्याने बसवलं. तोच वेग, आणि ताप अडुसष्टच्या वर गेला नाही. चित्र साडेसातला पूर्ण झालं. बिल्डरने फोन उचलला नाही.

पुढच्या आठवड्यात दुकान बंद दिसलं, त्याच्या पुढच्यातही. शेवटी एका रविवारी मी माफी मागायला डोंगरीला गेले. अंकल पडवीत बसले होते. मोतीबिंदू पिकला होता, बारीक काही दिसेनासं झालं होतं, आणि वर्षभर त्यांनी ते घरच्यांपासूनही लपवलं होतं. मी माफी मागितली, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"तू बोललीस म्हणून उघडून बघितला. न्हायतर खोलीच गरम हाय सांगून निघून गेलो असतो." मग म्हणाले, "बाकीच्यांच्यात बी कागद राहिला असेल."

त्यांनी बायकोला आतून वही आणायला सांगितली. वर्षभरात ज्यांना कूलर बसवून दिले त्यांचे नंबर त्यात होते. त्यांना ते दिसत नव्हते आणि त्यांच्या बायकोला लोकांच्या उलट प्रश्नांना उत्तरं देता येत नव्हती. मी एकेक फोन लावत गेले. "अंकल की दुकान से बोल रही हूँ. कूलर खोलके देखिए, नीचे प्लास्टिक तो नहीं रह गया?" कोणी हसलं, कोणी चिडलं. दोघांनी तिथल्या तिथे उघडून बघितलं, आणि त्यातल्या एकाच्यात कागद निघाला. अंकलनी डोळे मिटून घेतले आणि ते म्हणाले, "पुढचा लाव."

दुकान त्यांनी पुन्हा उघडलं नाही. त्या दिवशी सगळे नंबर संपवून मी शेवटच्या ओळीवर आले, तर तिथे माझंच नाव होतं. मी वाचून दाखवलं.

"तिला नको लावू," अंकल म्हणाले. "तिचं काम माझ्यामुळे गेलं. तिच्या घरी मी सोता जाणार हाय."