कालव्याला पाणी, स्लॅब कोरडा

स्लॅबवर पाय ठेवला आणि माझ्या बुटाला पांढरी पूड लागली. वाकून हात लावून पाहिलं. कोरडा ठणठणीत. वर अंथरलेली गोणपाटं उन्हानं कडक झाली होती. मातीचे छोटे बांध घालून वाफ्यासारखं पाणी भरून ठेवलेलं असायला हवं होतं, तिथे नुसता भेगाळलेला चिखल.

मी सिव्हिल इंजिनीअर. सावेडीत राहते आणि नेवासा तालुक्यातले छोटे पूल बघते. हा ओढ्यावरचा पूल म्हणजे तसं किरकोळ काम. पण त्याच्या काँक्रीटसाठी मी ऑफिसात इतकी भांडले होते की चहावाल्यालासुद्धा विषय पाठ झाला होता.

विषय असा. कालव्याच्या पाण्यानं इकडची बरीच जमीन खारवटली आहे. हा खार काँक्रीटमधून आत शिरतो आणि सळई गंजवतो. इथला जुना पूल असाच गेला. म्हणून मी सिमेंट निम्मं करून त्याच्या जागी स्लॅग घालायचं ठरवलं. स्लॅग म्हणजे लोखंडाच्या भट्टीतून निघालेला मळ, पिठासारखा दळलेला. सिमेंट भाजताना होणारा धूर त्यामुळे कमी होतो आणि खारापुढे हे काँक्रीट जास्त टिकतं. खोड एकच. ते ताकद सावकाश धरतं आणि सुरुवातीला त्याला भरपूर पाणी पाजावं लागतं, थंडीत तर जास्तच दिवस. या पाणी पाजण्याला आम्ही क्युरिंग म्हणतो.

साहेबांनी, म्हणजे आमच्या एक्झिक्युटिव्ह इंजिनीअरांनी, सही करतानाच सांगितलं होतं, "मॅडम, फेल गेला तर स्लॅब तोडायचा. आणि पुढचे सगळे पूल जुन्याच मिक्सनं. हा विषय परत माझ्या टेबलावर नको."

क्युरिंगसाठी ठेकेदारानं गावातलेच बबनराव ठेवले होते. त्यांचं शेत पुलाला लागूनच. फोन केला तर उचलेनात. बांधावरून चालत गेले, तर हे चिखलात उभे राहून कांद्याला पाणी देत होते. एक वाफा भरला की खोऱ्यानं पाणी पुढच्या वाफ्यात.

"बबनराव, स्लॅबला पाणी कधी मारलं शेवटचं?"

"आवर्तन आलं ना मॅडम," ते म्हणाले. जणू पुढे बोलायला काही उरलंच नाही.

कालव्याला पाणी बारमाही नसतं. ठरलेल्या वेळी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. त्यात प्रत्येक शेताची पाळी लागलेली असते आणि पाळी चुकली की पाणी गेलं. त्या दिवसांत इकडच्या माणसाला दुसरं काही दिसत नाही. शेजारून कालवा भरून वाहत होता आणि माझा स्लॅब तहानेनं मेला होता.

"आन् तसाबी आता वाळलाय की तो," बबनराव म्हणाले. "लई टनक झालाय. मी सोता नाचून बघितलं त्याच्यावर."

"अहो, काँक्रीट वाळून घट्ट होत नाही! पाणी पिऊन घट्ट होतं. वाळलं की वाढ खुंटली त्याची."

खोरं थांबलं. "म्हंजी कांद्यावानीच?"

"कांद्यासारखंच. तुमचा जगवलात, माझा मारलात."

माझा आवाज चढला होता. पलीकडच्या वाफ्यातून त्यांच्या बायको मंदाताई पुढे आल्या. "अवो, मंग मोटर लावून पाईप टाका ना पुलावर. मॅडम रडायला आल्यात."

मी रडायला आले नव्हते, मला राग आला होता. बरं, थोडी आलेही होते.

"आन् पाळी?" बबनराव म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या दोन वाफं. कांदा त्याच पुलावरनं न्यायचा हाय ना मारकिटाला?"

बबनराव पुटपुटत गेले, पण पाईप आणला. अंधार पडायच्या आत स्लॅबवर पाणी उभं राहिलं. मी पाण्याकडे बघत बसले आणि मनात एकच, उशीर तर नाही ना झाला? उशिरा पाजलेल्या पाण्यानं गेलेलं सगळं परत येत नाही. कुठलाही इंजिनीअर हेच सांगेल.

पुढे क्यूबचे रिझल्ट आले. क्यूब म्हणजे त्याच काँक्रीटचे ठोकळे. स्लॅब ओततानाच भरून लॅबमध्ये पाण्याच्या टाकीत ठेवतात आणि नंतर दाबून फोडतात. सगळे पास. साहेब खूश.

"खालचे टेकू काढा आणि उसाची वाहतूक सोडा. सरपंचांचा रोज फोन येतो मला."

"साहेब, क्यूब टाकीत मजेत होते. स्लॅब उन्हात होता. पास झालेत ते ठोकळे, पूल नाही. कोअर काढू या."

कोअर म्हणजे स्लॅबलाच भोक पाडून आतला दंडगोल तुकडा काढायचा आणि तो दाबून बघायचा. तिथे लपवाछपवी चालत नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "कोणी मागितलाय का तुमच्याकडे? स्वतःच्या हातानं पायावर धोंडा कशाला पाडून घेताय? कोअर फेल गेला तर मी तुम्हाला वाचवणार नाही."

"दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर काही मागणार नाही, साहेब. सरळ वर चढेल."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "काढा."

सरळ सांगते, नंतरचे दिवस मी भीतीतच काढले. कोअर काढायला लावताना वाटलं होतं, आपण बरोबर वागतोय. ड्रिलचा आवाज सुरू झाला आणि ते वाटणं पार पळून गेलं. घरी भाजीत दोनदा मीठ पडलं. प्रेमदान चौकात सिग्नल लाल असताना स्कूटर पुढे दामटली. स्लॅब तोडताना समोर उभं राहायची आपली तयारी आहे का, हेच सारखं डोक्यात. तयारी नव्हती.

तीन कोअर होते. दोन चांगले निघाले. तिसरा मी मुद्दाम सर्वांत जास्त ऊन लागणाऱ्या कडेचा घेतला होता. तो अगदी काठावर. पण नियमाला तिन्हींची सरासरी पुरली आणि तोही मर्यादेखाली गेला नाही. वरचा थर मात्र कमकुवत राहिला होता आणि सळईला खारापासून वाचवतो तो तोच. तेवढा खरवडून काढला आणि वर कोटिंग मारायला लावलं. मगच टेकू निघाले.

पहिला उसाचा ट्रॅक्टर पुलावर चढला, तेव्हा मी पुलाखाली उभी होते. ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही हे. वरून ट्रॉल्या गेल्या, थोडी धूळ पडली, बस्स.

साहेबांनी अभिनंदन वगैरे केलं नाही. पुढच्या दोन पुलांच्या एस्टिमेटमध्ये स्लॅगचं मिक्स तसंच ठेवून सही केली, एवढंच. त्यातल्या पहिल्याच पुलाच्या वेळी ठेकेदार म्हणाला, "मॅडम, शुक्रवार धरू या का स्लॅबला? मुहूर्त चांगलाय."

मी त्याच्यासमोरच पाटबंधारेच्या ऑफिसला फोन लावला. मग त्याला सांगितलं, "शुक्रवार नको. आवर्तन संपू दे."