भुताचा खटला आणि ज्युरीतला ऑर्विल

ऑर्विल टॅगार्टच्या शेजारी बसायची शिक्षा वैऱ्यालाही होऊ नये. मला ती झाली, आणि तीही एका भुताच्या खटल्यात.

बर्नाबी शहरातल्या एका जुन्या गोदामात एका टीव्ही मालिकेचं कोर्ट उभं केलं होतं. मेलेल्यांवर जिवंत माणसं खटले चालवतात, अशी ती मालिका. आम्ही ज्युरी, म्हणजे एक्स्ट्रा. खटला संपेपर्यंत रोज तीच खुर्ची, तोच लोकरी कोट, डोक्यावर भाजणारे दिवे, आणि तोंड बंद. एक्स्ट्राने एक शब्द जरी उच्चारला तरी तो नट ठरतो, भागाच्या शेवटी पडद्यावर त्याचं नाव द्यावं लागतं. म्हणून आम्हाला सहसा कोणी बोलू देत नाही.

ऑर्विल आधी फेरीबोटीवर दोर बांधायचा. निवृत्त झाल्यावर या धंद्यात आला. वऱ्हाडी झाला, वाटसरू झाला, कितीदा तर प्रेत झाला. त्याची बायको ग्लेनिस टीव्हीसमोर बसून त्याला गर्दीतून शोधून काढायची. मग मधुमेहाने तिचे डोळे गेले. तेव्हापासून ती विचारते, "आता दिसतोयस का रे?" हा म्हणतो, "दिसतोय," आणि ती मान डोलावते. एकदाच, एकच शब्द आपल्याला बोलायला मिळावा, म्हणजे ग्लेनिसला आपण टीव्हीत सापडू, हे त्याचं पालुपद ऐकून माझे कान किटले होते.

आणि देव पावला! ज्युरीप्रमुखाचं काम करणारा नट बर्फावर घसरून पाय मोडून घेऊन बसला. डायरेक्टरने ऑर्विलकडे बोट केलं. "नऊ नंबर, निकाल तुम्ही सांगायचा. एकच शब्द, ‘दोषी’."

मी आनंदाने त्याला चिमटा काढला. हा आपला पांढराफटक.

"रोवेना," तो कुजबुजला, "पण ती दोषी नाहीये."

"कोण ती?"

त्याने आरोपीच्या खुर्चीकडे मान वळवली. तिथे काठीला अडकवलेला एक हिरवा चेंडू होता. दीपस्तंभाच्या राखणदाराची मेलेली बायको म्हणजे तो चेंडू. दिवा विझवून बोट बुडवल्याचा तिच्यावर आरोप. पुढे कॉम्प्युटरवर त्याची बाई होणार होती. साक्षी चालल्या असताना आम्ही सगळे डोळे उघडे ठेवून झोपा काढत होतो. हा शहाणा शब्द न् शब्द ऐकत होता.

"त्या कोळ्याने साक्षीत सांगितलं ना, खिडकीची काच आधीच फुटली होती? दिवा वाऱ्याने विझला असणार."

"अरे, तो कोळी परवा दुसऱ्या मालिकेत दंतवैद्य होता! काचेचं लेखकालासुद्धा आठवत नसेल."

"त्याला नसेल. मी ज्युरीत आहे."

"तू एक्स्ट्रा आहेस! मागच्या महिन्यात प्रेत झालास, तेव्हा खरंच मेला होतास का?"

"श्वास तर रोखला होता."

"तिकडे ग्लेनिस वाट बघतेय, गाढवा," मी म्हटलं. "एक शब्द बोल आणि मोकळा हो."

ते त्याला लागलं. तो उभा राहिला. न्यायाधीशाने निकाल विचारला. ऑर्विलने चेंडूकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "निर्दोष!"

डायरेक्टर आधी हसला. "शब्द चुकला, आजोबा." दुसऱ्या वेळी ऑर्विलचं तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. तिसऱ्या वेळी तो हात जोडल्यासारखं करून म्हणाला, "साहेब, त्या खिडकीचं तेवढं काहीतरी करा, मग म्हणतो."

"भुताला वकील दिलाय! तुम्ही बसा खाली!" डायरेक्टर ओरडला, आणि त्याचं बोट माझ्याकडे वळलं. "दहा नंबर, बाई, तुमची काही हरकत?"

माझी कसली हरकत? मी उठले. ऑर्विलवरचा सगळा राग त्या एका शब्दात ओतून "दोषी!" म्हणाले. डायरेक्टर खूश. परतताना बसमध्ये दोघांच्या वाटणीचं मीच बोलले. करंटा म्हटलं, हट्टी म्हटलं, बायकोची कीव नसलेला म्हटलं. तो नुसता खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते, त्यामुळे मला आणखीच संताप आला.

तो भाग टीव्हीवर दाखवायच्या दिवशी ग्लेनिसने मला जेवायला बोलावलं. तिला त्याने सगळं सांगितलं होतं, तरी ती नेहमीसारखी टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली. पडद्यावर चेंडूच्या जागी ओल्या केसांची एक तरुण बाई रडत होती. ऑर्विल खाली मान घालून ताटातला मासा चिवडत होता. निकालाची वेळ आली. माझं "दोषी!" खोलीभर घुमलं.

आणि त्याच्या मागोमाग टीव्हीतूनच नाकातून निघालेला आवाज आला, "हॅ!"

ग्लेनिसचा काटा हातातच थांबला. "हा तू!"

"मी कुठे बोललो?" ऑर्विल दचकला.

"ऑर्विल, हा तूच! लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक सूपवर हेच ऐकत आलेय, आणि मला कळणार नाही? परत लाव!"

त्याने परत लावलं. माझं "दोषी!", मागोमाग त्याचं "हॅ!" मग पुन्हा लावलं. ताटातलं सगळं गार झालं तरी ती त्याचा हात धरून, डोळे पुसत तेच ऐकत होती. आणि दर वेळी पडद्यावरच्या त्या बिचारीला दोषी ठरवायचं काम मात्र माझ्याकडे.