दादाच्या नावाची आंघोळ

डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या. त्यांनी माझ्या दंडाचा पट्टा सोडला, बीपीचा आकडा कागदावर लिहिला आणि म्हणाल्या, "ताई, गोळी देतेच आहे. पण संध्याकाळी शाळेतून आलात की कोमट पाण्यानं निवांत आंघोळ करत जा. अर्धा तास तरी. फोन बाहेर ठेवायचा. आणि मनात कुणाबद्दल काही धरून ठेवायचं नाही."

शेवटची गोष्ट सोडून मी सगळं ऐकलं. शेवटची ऐकली असती तर आंघोळीचा गुण आलाच नसता, हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

मनात धरलेला माणूस म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. तो अकोल्याला, मी अमरावतीला. माय त्याच्याकडे राहायची. तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात ती गेली तेव्हा दुपारी दोनला त्याचा फोन आला. "बाई, माय गेली." मी वर्गातूनच स्टँडवर निघाले. गाडीत बसल्यावर त्याला फोन केला, "निघाली मी दादा. दोन तास लागतीन. थांबजो." तो म्हणाला, "हो, ये."

हा "हो" मी नीट ऐकला होता. मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्या "हो"च्या भरवशावर बसून होते. मायचं तोंड पाहायचं, एवढंच डोक्यात होतं.

पावणेपाचला त्याच्या गल्लीत शिरले तर अंगण धुतलेलं. बाया ओल्या केसांनी ओट्यावर बसलेल्या. वहिनी म्हणाली, "नेलं वं बाई, साडेतीनलेच. पयले आंग धू, मंग बस." दिवस अजून चांगला कासराभर वर होता. मी मागच्या न्हाणीत गेले. प्लॅस्टिकच्या बादलीत थंडगार पाणी होतं. ज्या मायनं मला लहानपणी घासून घासून न्हाऊ घातलं, तिचं तोंडही न पाहता तिच्या नावानं मी ते अंगावर घेतलं. रडूसुद्धा आलं नाही, दातच वाजत होते.

दादा स्मशानातून आला तेव्हा मी फक्त विचारलं, "कावून नाही थांबला?" तो म्हणाला, "थांबता येतच नव्हतं बाई. मोठमोठे लोक आले होते दुकानाच्या ओळखीचे. किती खोळंबा करावा त्याइचा?" तेराव्यालाही हेच. थांबता येतच नव्हतं. वर्षश्राद्धाला मी गेले नाही तर फोनवर पुन्हा तेच. माझं म्हणणं एवढंच होतं की त्यानं एकदा कबूल करावं, थांबता येत होतं आणि मी थांबलो नाही. पण त्याच्या तोंडून ते निघेना. मग मी राखी बंद केली, भाऊबीज बंद केली. त्याचा फोन आला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. ती तिथेच राहिली आणि तिचाच आकडा डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिला.

तर आंघोळ. आमचे हे यवतमाळला नोकरीला, शनिवारी येतात, म्हणजे आठवडाभर घरात माझंच राज्य. साडेपाचला घरी आले की गिझर लावायचा, लग्नातलं तांब्याचं घंगाळ भरायचं आणि त्यात कडुनिंबाचा पाला टाकायचा. नळ एक दिवसाआड येतो, तेव्हा पाणी मोजून वापरायची आमची सवय, पण या अर्ध्या तासात मी हात आखडला नाही. न्हाणीची कडी लावली, स्टुलावर बसले आणि पहिल्या दिवशी पहिला तांब्या डोक्यावर धरला तेव्हा तोंडातून आपोआप निघालं, "हा दादाच्या नावाचा."

आमच्याकडे एखादा माणूस जिवंतपणीच आपल्याला मेला असं ठरवायचं असलं, तर त्याच्या नावानं आंघोळ करून मोकळं होतात. एकदा केली की पुरते. मी रोज केली. पहिला तांब्या त्याच्या "हो"च्या नावाचा. दुसरा त्या मोठमोठ्या लोकांच्या नावाचा. तिसरा त्या थंड बादलीचा. मानेवरून गरम पाणी उतरायचं, खांदे सैल पडायचे, आणि मी डोळे मिटून त्याला पोचवायची. कधी घाईघाईत, त्यानं मायला पोचवलं तसं. कधी सावकाश, त्याची गंमत पाहत. खोटं कशाला सांगू, इतकी शांत झोप मला तीन वर्षांत लागली नव्हती. दोन महिन्यांनी बीपी मोजलं तर डॉक्टरीणबाई खूश. म्हणाल्या, "बघा, मन मोकळं केलंत ना?" मी मान डोलावली.

आता सूर्य कलल्यावर डोक्यावरून न्हायलेली बाई दिसली की आमच्या भागात लोकांच्या मनात एकच प्रश्न येतो. शेजारच्या काकूंनी बरेच दिवस तो दाबून ठेवला होता. एका संध्याकाळी मी केस पंच्यात गुंडाळून तुळशीजवळ उभी होते, तर भिंतीपलीकडून म्हणाल्याच, "काय वं, रोज डोस्क्यावरून पानी घेऊन राहिली. कोन गेलं?"

त्याच दुपारी दादाचा फोन येऊन गेला होता. मायच्या खोलीत आता दुकानाचा माल ठेवतो म्हणे. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हणाले, "भाऊ."

"कोनता? अकोल्याचा?"

"एकच हाय मले."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मी आत निघून आले आणि चहा केला. बोललेलं मागं घ्यावं असं एकदा मनात आलं. पण नाही घेतलं. उलट बरं वाटलं, मोठ्यानं बोलल्यामुळे आंघोळ पुरी झाल्यासारखं.

काकूंची लेक अकोल्यालाच दिली आहे, दादाच्या गल्लीपासून दोन गल्ल्या पलीकडे, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

पुढचं मला वहिनीनं नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सात-आठ माणसं दादाच्या फाटकाशी आली. एकाच्या हातात हार. बायांनी फाटकातूनच रडायला सुरुवात केली. दादा तोंडात ब्रश घेऊन दार उघडायला आला आणि त्याला पाहून एक म्हातारी मटकन खाली बसली. ती मोठमोठी माणसं मात्र आली नव्हती. त्यांना निरोप पोचला होता, पण कोणाला वेळ नव्हता. हे ऐकून मी फोन कानाशी धरून किती तरी वेळ हसले.

तीन दिवसांनी तो स्वतःच आला. मी घंगाळ भरून टॉवेल खांद्यावर टाकला होता, तेवढ्यात फाटक वाजलं. दारात दादा. बासष्टीचा झालाय, गुडघे धरून चालतो, हे तीन वर्षांत मी पाहिलं नव्हतं. हातात कापडी पिशवी.

"बाई," तो म्हणाला, "लोकं हार घेऊन आले वं घरी. असं कावून केलं?"

माझ्याजवळ पाठ केलेलं उत्तर होतं, चांगलं तासभर पुरलं असतं. पण न्हाणीत पाला टाकलेलं पाणी होतं. मी अंगणातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "माही आंग धुवाची वेळ झाली दादा. दोन तास लागतीन. थांबजो."

तो खुर्चीत टेकला. मग म्हणाला, "हो."

मी आत जाऊन कडी लावली. तेव्हा सव्वासहा झाले होते. मला त्याचा सूड हवा होता आणि तो आता अंगणात येऊन बसला होता. मी ठरवलं, दोन तास म्हणजे दोन तास, एक मिनिट कमी नाही. त्यानं कंटाळून उठावं, चडफडत निघून जावं. फाटकाची कडी वाजली की माझं काम झालं. मग आयुष्यभर सांगता आलं असतं, बघा, याच्यानं तेव्हाही थांबवलं नाही आणि आताही नाही.

पहिला अर्धा तास नेहमीसारखा गेला. मग पाणी कोमट झालं, मग गार. तांब्या डोक्यावर धरला तर नाव तोंडात येईना. नाव घ्यायचा माणूस भिंतीपलीकडे खोकत होता. त्याची गाडी साडेसातची असणार, शेवटची तीच सोयीची. साडेसात झाले. मी कान देऊन बसले. डास मारल्याचा आवाज आला, खुर्ची करकरली, पण फाटक वाजलं नाही. गार पाण्यात पाय सोडून मी बसले होते, बोटं सुरकुतली होती, आणि दात पुन्हा वाजायला लागले होते. ऊठ, जा, असं मी मनातल्या मनात त्याला किती वेळा म्हटलं असेन.

सव्वाआठला मी बाहेर आले. अंगणातला दिवाही कोणी लावला नव्हता. तो त्याच खुर्चीत, पिशवी मांडीवर धरून. मी दिवा लावला तसा त्यानं डोळ्यांवर हात धरला.

"झालं?" त्यानं विचारलं. "साडेसातची गाडी जाऊ देली मी. तू थांब म्हनली होती."

मी त्याच्यासमोर उभी राहिले. केसांतून पाणी गळून माझ्या पायाशी साचत होतं.

"मंग थांबता येते तं तुले," मी म्हणाले.

त्यानं पिशवीत हात घातला, काहीतरी काढायला, आणि तो हात तसाच आत राहिला. खांदे हलायला लागले त्याचे. मी त्याला थांबवलं नाही. न्हाणीत जाऊन घंगाळ पालथं केलं, आणि मग तिथंच, ओल्या फरशीवर, तीन वर्षांनी मायसाठी रडले.