माझ्या पंगतीतले डिप्लोमावाले

रिकाम्या बरण्या कुणी मुद्दाम गोळा करत नाही. फेकवत नाहीत म्हणून साठतात, आणि एक दिवस कपाट उघडलं की धडाधड अंगावर! माझ्याकडे किस्से असेच साठलेत. आता एकेक खाली काढते.

आमचे हे हवाई दलात. पोस्टिंग चंदीगडला, आणि वर्षं पंजाबातली ती वाईट, अतिरेक्यांची. सकाळी पेपर आला की हे माझ्याआधी उचलून लपवायचे. उगाच मी घाबरायला नको म्हणून.

मी म्हटलं, "लपवता कशाला? मी चौथी पास. मला पहिलं पान वाचेपर्यंत दुपार होते, तोवर बातमी शिळी!"

घर बत्तीस सेक्टरात. मागच्या व्हरांड्यात दर रविवारी माझी पंगत बसायची. शिकायला आलेली मराठी पोरं-पोरी यायची. त्यातले दोघं पक्के: सुभेदाराची रत्ना आणि जळगावचा दिलीप. रत्ना मुलींच्या पॉलिटेक्निकात, दिलीप पटियालाला. दोघांचा डिप्लोमा संपत आलेला, आणि दोघांना एकच वेड. डिप्लोमावरनं डिग्री कॉलेजात जायचं, तेही थेट दुसऱ्या वर्षाला! अशा जागा एकेका ब्रँचला दोन. मागणारे शंभर.

शेजारचा डिग्रीवाला पोरगा एकदा कुंपणावरनं म्हणाला, "आंटी, डिप्लोमावाले तो मिस्त्री होते हैं."

मी म्हटलं, "हां बेटा. और तेरा कूलर महीने से बंद है."

* * *

फॉर्मला कॅरेक्टर सर्टिफिकेट लागायचं, गॅझेटेड ऑफिसरच्या सहीचं. आमच्या गल्लीत एक पंजाबी डॉक्टर राहायचे. सरकारी, म्हणजे सही चालणारी. रत्नाला घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.

डॉक्टर भला माणूस, पण नियमाचा. म्हणाले, "बहनजी, मैं लड़की को जानता ही नहीं. कैसे लिख दूँ कि कैरेक्टर अच्छा है?"

"मुझे जानते हो?"

"आपको तो पूरी गली जानती है!"

"तो लिखो. खराब कैरेक्टरवाला मेरे सामने बैठके दो रोटी नहीं खा सकता."

डॉक्टरांनी सही केली, शिक्का मारला. कागद देताना आत बघून हळूच म्हणाले, "बहनजी, एक सर्टिफिकेट आप मेरा भी लिख दो. घर में दिखाना है."

* * *

दिलीप पटियालाहून बसनं यायचा. त्या दिवसांत बस मधेच थांबली की सगळे खिडकीतनं डोकावायचे. कोण थांबवतंय ते आधी कळायचं नाही.

एकदा नाक्यावर बस थांबली. जवान आत चढला आणि त्याला दिसलं काय, तर दिलीपच्या खांद्यावर लांबलचक काळी नळी! ड्रॉइंगचे कागद गुंडाळून ठेवायची नळी ती. पण जवानाला काय माहीत? दिलीपला खाली उतरवला.

"खोल!"

दिलीपनं दातानं ओढलं तरी झाकण निघेना. शेवटी निघालं. वाळूच्या पोत्यांवर शीट पसरलं. जवान वाकून बघतोय, बघतोय.

"ये तूने बनाया?"

"जी."

जवानानं ड्रॉइंगवर बोट ठेवलं. "भर्ती से पहले मैं खराद पर, लेथ मशीन पर काम करता था. बेटा, ये नट इस बोल्ट पर कभी नहीं चढ़ेगा."

दिलीपनं माझ्या व्हरांड्यात बसून ते खोडून नव्यानं काढलं. कॉलेजातल्या तीन मास्तरांच्या नजरेखालनं गेलेलं शीट होतं ते!

* * *

प्रवेश परीक्षेचा रत्नाचा अभ्यास मी घेतला. हसू नका. पुस्तक इंग्रजी, त्यातला एक शब्द मला कळत नव्हता. तरी पुस्तक हातात धरून मी समोर बसायचे आणि ती घडाघडा बोलायची.

मधेच मी म्हणायचे, "चूक!"

ती पुस्तक ओढून बघायची आणि खरंच चुकलेलं असायचं!

दिलीप चक्रावला. "मावशी, तुम्हाला गणित येतं?"

"गणित नाही येत, रत्ना येते. थाप मारताना ती वेणी पुढे घेते."

परीक्षेला ती वेणी वर बांधून गेली.

* * *

आता रत्नाचे वडील. सुभेदार, फिरोजपूरला. मूळचे साताऱ्याकडचे. माणूस सरळ, पण पत्र लिहायचे ते ऑर्डर काढल्यासारखं. "एक, डिप्लोमा झाला. दोन, पोरगी बावीसची झाली. तीन, दसऱ्याच्या आत लग्न." डिग्रीचा शब्द नाही!

रत्ना ते वाचून जेवली नाही. माझ्या पंगतीत कुणी उपाशी उठलं की माझं डोकं फिरतं. दोन दिवस खपून मी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली, "सुभेदार भाऊ, पोरीनं रात्रंदिवस अभ्यास केलाय, तिला शिकू द्या."

उलट टपाली उत्तर. "चार, वहिनींनी यात पडू नये."

पडले! आता तर पक्कीच पडले!

* * *

दोघांचीही नावं प्रवेशाच्या यादीत आली. दिलीप आधीच्या आठवड्यात जाऊन हजर झाला. रत्नाच्या ब्रँचचा हजर व्हायचा दिवस नंतरचा होता. आणि नेमक्या त्याच दिवसासाठी सुभेदारांनी मुलाकडच्यांना बोलावून ठेवलं, माझ्याच घरी! सकाळी साडेनऊला बघायचं, बाराला सुभेदार मिलिटरीच्या ट्रकनं परत. पलीकडच्या गल्लीतली मंडळी, चालत येणार. कारण त्या दिवशी बंद होता. बस नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा दिसेना.

सकाळी रत्ना साडी नेसून भिंतीला टेकलेली. डोळे सुजलेले. न्यायला वाहन नाही, आणि वडलांपुढे तोंड उघडायची छाती नाही.

मी कॉलेजचं पत्र काढलं. रत्नानं मला ते दहादा वाचून दाखवलेलं होतं. तरी रात्रीच येऊन उतरलेल्या सुभेदारांपुढे धरलं. "भाऊ, मला मेलीला इंग्रजी कुठलं येतंय! काय लिहिलंय बघा जरा."

त्यांनी चष्मा लावला. वाचता वाचता पाठ ताठ होत गेली.

"रिपोर्ट करा म्हणतायत. आज. सकाळी नऊला. नाहीतर जागा रद्द." पत्र पालथं करून शिक्का बघितला. "हे हिनं मला सांगितलं नाही?"

"तुम्ही विचारलंत?"

त्यांनी घड्याळ बघितलं. आठ वाजून दहा. "पायी किती?"

रत्ना म्हणाली, "पाऊण तास, पप्पा. जल्दी चले तो."

"साडीत चालता येणार नाही. बदल. पाच मिनिटं!"

आणि निघाले की बापलेक! मोकळ्या रस्त्यानं, डावा-उजवा करत.

पुढचं मला रत्नानं सांगितलं. कॉलेजच्या गेटला कुलूप. आत म्हातारे सरदारजी चौकीदार, तेही रिटायर्ड फौजी. म्हणाले, "बंद है साहब. परसों आना."

"हुकुम आज नौ बजे का है."

"पर अंदर कोई नहीं है जी!"

"अंदर कौन नहीं है, वो आप जानो. बाहर कौन खड़ा है, वो लिखो."

सरदारजींनी पत्र नीट वाचलं. गळ्याचं बटण लावलं. गेटचं रजिस्टर काढून रत्नाचं नाव लिहिलं, वेळ घातली आठ अठ्ठावन्न, खाली सही केली, आणि तेच एका चिठ्ठीवर उतरवून दिलं. ऑफिस उघडल्यावर गैरहजर म्हणून नावं कापायला घेतली, तेव्हा रजिस्टरातली ती ओळच कामाला आली.

इकडे माझ्याकडे मुलाची मंडळी येऊन बसलेली. दोनदा चहा झाला. मुलाचे वडील सारखे घड्याळ बघतायत. मी तिसऱ्या चहाचं आधण ठेवलं.

पावणेअकराला दोघं परत आली. घामानं भिजलेली, धुळीनं माखलेली. रत्नाच्या मुठीत चिठ्ठी.

मुलाचे वडील तडकले. "अहो सुभेदार, आम्ही इथं तासभर बसून आहोत!"

सुभेदार खाली बसले. बुटाची नाडी सोडत शांतपणे म्हणाले, "बसा की. पण तीन वर्षं लागतील. पोरगी रिपोर्ट झालीय."