अनवाणी पोस्टमन

"लागला का गं तो एपिसोड?" दिनू माझ्याशी बोललेलं हे शेवटचं वाक्य. वसईचं हॉस्पिटल, नाकात नळी, पायांवर सूज, आणि माझ्या धाकट्या भावाला पडलं होतं कार्टूनचं! मी म्हटलं, "अजून नाही रे, लागेल." डबा आणायला घरी निघाले आणि फुलपाड्याच्या नाक्यावर रिक्षातून उतरतेय तोच मोबाईल वाजला... त्याला आता महिना उलटून गेला. जाणारा माणूस काहीतरी मोठं, लक्षात राहण्यासारखं बोलून जातो असं लोकांना वाटतं. भेटायला येणारे विचारतातही, "शेवटी काही बोलला का?" मी "नाही" म्हणते. कार्टूनबद्दल विचारत होता हे कोणत्या तोंडाने सांगू? लिहून काढ, हलकं वाटेल, असंही सगळे म्हणतात. हलकं वगैरे काही वाटत नाही. पण दिनू काय करायचा हे या घराबाहेर कुणालाच धड ठाऊक नाही, आणि ते असंच राहिलं तर मला वेड लागेल, म्हणून लिहितेय.

नव्वदीच्या सुरुवातीला बाबा आम्हाला परळच्या खोलीतून विरारला, फुलपाड्यात घेऊन आले. पाण्याची बोंब होती, रस्ता तर नव्हताच, पण केबल होती. बाबा लवकरच गेले, आई शिवणकाम करू लागली, आणि शाळा सुटल्यावर आम्ही दोघं टीव्हीसमोर. इंग्रजी कार्टून लागायची. भाषा निम्मीच कळायची, त्यामुळे आम्ही चित्रंच जास्त बघायचो आणि त्यातूनच आमचा खेळ सुरू झाला. कपातला चहा एकदा काठोकाठ, लगेच पुढच्या चित्रात अर्धा. शर्टाला चार गुंड्या, मान वळवली की तीन. पहिल्यांदा ज्याला दिसेल त्याने "चूक!" म्हणून ओरडायचं. आतून आई विचारायची, "कुणाची रे?" मला चूक सापडली की फार बरं वाटायचं, पुढे मी गणिताची शिक्षिका झाले त्यात नवल नाही. दिनूचं उलट. त्याला त्या न दिसणाऱ्या माणसाची दया यायची. "दमला असेल गं बिचारा," म्हणायचा. "एवढी चित्रं काढायची म्हणजे काय खाऊ आहे?"

अशीच चित्रं पुढे तो स्वतः काढू लागला. बारावीनंतर चित्रकलेचा कोर्स केला आणि परदेशी कार्टूनचं काम घेणाऱ्या मुंबईतल्या एका स्टुडिओत लागला. गोष्ट तिकडची, आवाज तिकडचे, हातापायांची हालचाल मात्र आमच्या दिनूची. बर्फाळ गावातल्या एका कुटुंबाची विनोदी मालिका होती. बाप पोस्टमन, दुप्पट आवाजात बोलणारी बायको, दोन जुळी पोरं आणि घरातली एक बोलकी बकरी, जी सगळ्यांना खरं तेच सांगून गोत्यात आणायची. आईला हे काम कधीच पटलं नाही. घोड्याएवढा झाला तरी बकऱ्या काढतो, ही तिची तक्रार. बिल्डिंगमधल्या बायकांना ती सांगायची, "दिनू कॉम्प्युटरमध्ये आहे." तो हसायचा, पण त्याला ते लागायचं. मला दिसायचं. घरी आणून दाखवावं तर स्टुडिओतून कागदाचा कपटाही बाहेर नेता येत नसे, आणि तिकडे दाखवलेले एपिसोड आपल्याकडे यायला वर्ष-दीड वर्ष सहज जायचं.

त्यातल्याच एका एपिसोडमध्ये दिनूने ती चूक केली. वादळात पत्रं वाटून पोस्टमन घरी येतो. दारात उभा, पायात लाल गमबूट. दार उघडतं, तो स्वयंपाकघरात येतो... आणि अनवाणी! पुढच्या दृश्यात खुर्चीवर तंगड्या टाकतो तेव्हा पुन्हा गमबूट. स्वयंपाकघराचं दृश्य दिनूचं होतं. "मला कळलंच नाही ताई," तो म्हणाला, "दारातून आत आला ना तो, मग हात आपोआप पायाची बोटं काढायला लागला." बरं, तपासणारा होता नालासोपाऱ्याचा. घरात आलेल्या माणसाचे पाय उघडे, यात त्याला तरी काय खटकणार? एपिसोड तसाच परदेशी गेला, तसाच दाखवला गेला. मग तिकडून ओरडा आला आणि दोघांनी मान खाली घालून बोलणी खाल्ली.

त्या मालिकेच्या वेड्यांनी इंटरनेटवर एक पान चालवलं होतं. प्रत्येक एपिसोडमधल्या गमती, कशाचे संदर्भ कुठे आलेत, कुठे काय चुकलं, सगळं खोदून काढलेलं. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत दिनूने मला ते दाखवलं. आमचाच खेळ, पण जगभरची माणसं खेळत होती! पोस्टमनच्या पायांवर तर तिथे जुंपली होती. एकाचं म्हणणं, हा कुठल्याशा जुन्या चित्राचा संदर्भ आहे. दुसरा सांगत होता, पोस्टमनची नोकरी जाणार याची ही खूण आहे. विरारचा एक माणूस घरात बूट घालून येऊच शकत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दिनू इतका हसला की कॅफेवाला येऊन बघून गेला. मी म्हटलं, "लिही ना त्यांना, खरं काय ते." तो म्हणाला, "नको. आधी आईला दाखवू. तिला काही सांगायचं नाही हं, नुसतं बसवायचं. तिला पाय दिसतात का ते मला बघायचंय."

त्यानंतर काही महिन्यांतच त्याच्या किडन्या गेल्या. लग्न करायचं वय, आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस. माझी किडनी जुळली नाही. आईला साखर, तिचा प्रश्नच नव्हता. मी देवांना नवस बोलले, डॉक्टरांच्या पाया पडले, ज्या नातेवाइकांकडे वर्षानुवर्षं गेले नव्हते त्यांच्या दारात जाऊन रडले. दिनूने मात्र एकच गोष्ट धरून ठेवली... तो एपिसोड लागायला हवा आणि आईने तो बघायला हवा. बाकी त्याने काहीही मागितलं नाही. मालिका इथल्या चॅनलवर सुरू झाली होती, पण एपिसोड उलटसुलट दाखवायचे. मी आमच्या केबलवाल्याच्या मागे लागले. तो वैतागून म्हणाला, "मॅडम, वरून येतं तेच मी खाली देतो. कार्टून कधी लागणार ते मला कसं माहीत असणार? टेन्शन नका घेऊ ना." टेन्शन नका घेऊ! चॅनलच्या ऑफिसला मी इतके फोन केले की तिथली मुलगी माझा आवाज ओळखून फोन ठेवायची.

आणि एका संध्याकाळी तो लागला. पडद्यावर बर्फाचं वादळ, बकरी खिडकीतून डोकावतेय. दिनू गादीवरून धडपडत उठला, "आई, ये, लवकर ये." आई पदराला हात पुसत येऊन बसली. पोस्टमन टेकडी चढत होता, फाटकापाशी आला... आणि लाईट गेले. लोडशेडिंग! अख्खा फुलपाडा काळोखात. दिनू भिंतीवर हात आपटत राहिला, ज्या हातात डायलिसिसची सुई घालायचे त्याच हाताने. मी जिने उतरून धावत सुटले. कुठल्यातरी दुकानात इन्व्हर्टरवर टीव्ही चालू असेल, दिनूला उचलून तिथे नेऊ, असलं काहीतरी डोक्यात होतं. एका दुकानदाराने दया येऊन मला स्टूल दिलं आणि पाणी पाजलं. टीव्ही त्याच्याकडेही बंदच होता. वर आले तर आई मेणबत्तीच्या उजेडात दिनूचा हात चोळत बसली होती आणि त्याला समजावत होती, "अरे, एवढं काय, उद्या लावतील परत." तिला काय माहीत!

परत लावला तो त्याच्या दिवसकार्यांनंतर, एका रविवारी दुपारी. मी नुसतीच टीव्हीसमोर बसले होते. बर्फ दिसला आणि मी ताडकन उठले. आईला भाकरीच्या पिठाच्या हातांसकट ओढत आणून बसवलं, कशासाठी ते सांगितलं नाही. लाईट होते. टेकडी, फाटक, दार... दार उघडलं आणि पोस्टमन आत आला. पायांत लाल गमबूट. चकचकीत, नीट रंगवलेले. तिकडे दाखवून झाल्यावर कुणीतरी चूक दुरुस्त करून टाकली होती. दिनूची बोटं पुसली होती. त्या लोडशेडिंगच्या संध्याकाळी ती होती की तेव्हाच पुसलेली होती, हे आता मला कधीही कळणार नाही, आणि ते मला रात्रंदिवस खातंय. मी टीव्हीवर ओरडले, काय ओरडले ते मला आठवत नाही. आई घाबरली. मग तिने चष्मा पुसून पडद्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "हा असा बूट घालूनच घरात आला? हे आपल्या दिनूने काढलेलं नाही गं."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तो हात, ती बोटं, नालासोपाऱ्याचा तपासनीस, जगभर झालेली भांडणं. पीठ हातावर वाळून गेलं तरी ती उठली नाही. शेवटी तिने एवढंच विचारलं, "आणि हे तो मला दाखवणार होता?" मी मान हलवली. पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही, आम्हा दोघींनाच ते पुरे आहे.

आता रोज संध्याकाळी ती शिवणयंत्र बंद करते आणि आपणहून टीव्ही लावते. कुठलाही एपिसोड असो, तिला चालतो. बकरी काय बोलते ते तिला अजून कळत नाही. पण पोस्टमन दारात आला की ती पुढे सरकून बसते आणि त्याला हळूच म्हणते, "अरे बाबा, आधी बूट काढ, मग ये आत."